जुनें तें सोनें?

आपल्या भाषेंत कांहीं म्हणी अशा आहेत कीं, त्यांचा अर्थ कोणी तपासून पाहत नाहीं. उच्चार झाला कीं वाद संपला असें समजलें जातें. ‘जुनें तें सोनें’ ही त्यांतलीच एक. लग्नाच्या याद्यांपासून बँकेंतील ठेवीपर्यंत आणि दिवाळीच्या फराळापासून मुलांच्या शिक्षणाच्या तरतुदीपर्यंत, पुण्यांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत ही म्हण जितके निर्णय करिते, तितके घरांतील कर्ता मनुष्य करीत नसेल. आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्या म्हणीनें अलीकडे दोन प्रकारचें नुकसान चालविलें आहे. एक, आमच्या बाळपणाच्या आठवणी आम्हांसच विकण्याचा व्यापार तिच्या आश्रयानें भरभराटला आहे. दुसरें, ज्या पैशावर आमच्या म्हातारपणाचा व मुलांच्या भवितव्याचा भार आहे, तो पैसा कोठें ठेवावा हेंही आम्ही त्याच आठवणींस विचारूं लागलों आहों. पहिलें नुकसान थोडें आहे व तें सोसतां येईल. दुसरें सोसतां येण्याजोगें नाहीं, आणि त्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं, म्हणून हा लेख.

आरंभींच एक गैरसमज दूर करूं. आठवण हा कांहीं रोग नव्हे. १६८८ सालीं योहानेस होफर नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें स्वित्झर्लंडांतील बाझल येथें जो प्रबंध लिहिला, त्यांत घराच्या ओढीनें खंगणाऱ्या लोकांच्या अवस्थेस त्यानें ‘नॉस्टाल्जिया’ हें नांव प्रथम दिलें आणि तिची गणना रोगांत केली. आज तिला कोणी रोग म्हणत नाहीं, व म्हणूंही नये. गौरीच्या दिवसांत माजघरांत दरवळणारा वास, शाळेच्या पहिल्या दिवशीं मिळालेली कंपासपेटी, सुटींत मामाच्या गांवीं जातांना एसटीच्या खिडकीशीं बसून चघळलेली गोळी, ह्यांपैकीं कशाचीच आठवण ज्याला येत नाहीं तो मनुष्य दरिद्री होय; मग त्याच्या खात्यावर कितीही रक्कम असो. आमची तक्रार आठवणीविरुद्ध नाहीं. तिच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या देण्याविरुद्ध आहे.

बाजारानें हें वर्म पुरतें ओळखिलें आहे. लासालेटा, सेडिकिडेस व व्होस ह्या तीन संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, मनुष्याला गतकाळाची आठवण करून दिली म्हणजे त्याची पैशावरील पकड सैल होते, आणि वस्तूसाठीं अधिक किंमत देण्यास तो राजी होतो. ह्याचें कारण ते असें सांगतात कीं, आठवणीनें आपण आपल्या माणसांत आहों असें वाटूं लागतें, आणि माणसें जवळ आहेत असें वाटलें म्हणजे पैशाची ओढ कमी होते. सिद्धांत मोठा हृद्य आहे. पण हाच सिद्धांत दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून वाचला तर त्याचा अर्थ अगदींच निराळा लागतो. १९८५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील कोका-कोला कंपनीनें आपल्या पेयाची चव बदलली. डोळे बांधल्यागत घेतलेल्या चांचण्यांत लोकांच्या जिभेनें नवी चवच अधिक पसंत केली होती. तरीही असा गहजब झाला कीं, तीन महिने पुरे होण्यापूर्वींच जुनें पेय परत आणावें लागलें. जिभेनें एक सांगितलें, आठवणीनें दुसरें. जय आठवणीचा झाला. त्या दिवसापासून जगांतल्या सर्व व्यापाऱ्यांस हा धडा पाठ आहे. आमच्याकडेही वाडे पडले, त्यांच्या जागीं इमारती उठल्या, आणि आतां त्याच इमारतींच्या तळमजल्यावर, पुड्यावर वाड्याचें चित्र छापून, ‘आजीच्या हातची’ चकली विकली जाते. ती आजी कोणाची, हें विचारण्याची पद्धत नाहीं.

अगदीं घरचें उदाहरण हवें असेल तर आकुर्डीच्या कारखान्याचें घ्यावें. १९७२ सालीं बाजारांत आलेली बजाज कंपनीची ‘चेतक’ स्कूटर ही एका सबंध पिढीच्या पुण्याची खूण होती. १९८९ सालच्या ‘हमारा बजाज’ ह्या जाहिरातीनें तर ती सबंध देशाची खूण झाली. त्या काळीं स्कूटर नोंदवून ती हातीं येण्यास वर्षानुवर्षें लागत. ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत लांबल्याचेंही प्रसिद्ध आहे. आज जो मनुष्य त्या काळाकरितां उसासे टाकतो, त्याला वडिलांच्या पुढें उभें राहून केलेली पर्वतीची सफर आठवते. त्या स्कूटरची वाट पाहण्यांत वडिलांनीं काढलेलीं वर्षें त्याला आठवत नाहींत. ह्यांत त्याचा दोष नाहीं. बाळपणच्या प्रत्येक सुखाची हीच गोष्ट आहे. तें सुख आपणांस फुकट मिळालेलें असतें, कारण त्याचें बिल दुसऱ्या कोणीतरी आपल्या पाठीमागें चुकतें केलेलें असतें. म्हणून बाळपणाच्या आठवणींत सर्व कांहीं असतें. फक्त किंमत नसते. आणि ज्या साक्षीदाराला किंमत ठाऊकच नाहीं, त्याला खरेदीच्या व्यवहारांत पंच नेमणें हें केवढें साहस!

आतां त्याच कंपनीचा व्यवहार पाहा. २००९ च्या अखेरीस बजाज ऑटोनें स्कूटरचा धंदा साफ सोडण्याचें ठरविलें. राजीव बजाज ह्यांच्या ह्या निर्णयाचें आपल्याला वाईट वाटतें, असें त्यांचे वडील राहुल बजाज ह्यांनीं उघडपणें सांगितलें. पण निर्णय फिरला नाहीं. कंपनीचें लक्ष मोटरसायकलींकडे लागलेलें होतें, आणि जी गाडी खपत नाहीं ती केवळ लाडकी आहे म्हणून करीत राहावी, हें तिला पटणारें नव्हतें. पुढें २०२० सालीं तिनें विजेवर चालणारी नवी स्कूटर काढली, तेव्हां तिला नांव दिलें ‘चेतक’. जुन्या गाडीचा एक खिळाही तींत नव्हता. जुनें होतें तें नांव तेवढें. ह्यांत आम्ही कंपनीस नांवें ठेवीत नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, तिनें जें केलें तें शहाणपणाचें केलें. भांडवल घालतांना तिनें भावनेस बाजूस सारलें, आणि माल विकतांना भावनेस पुढें केलें. आम्ही गिऱ्हाईक व ठेवीदार लोक मात्र दोन्ही वेळां भावनेलाच पुढें करितों. व्यवहारांत एक बाजू हिशेब करिते व दुसरी उसासे टाकते, तेव्हां पैसा कोणत्या दिशेनें वाहील हें सांगण्यास ज्योतिषी नको.

कोणी म्हणेल, ‘लोकांचें एवढें प्रेम ज्या मालावर आहे, त्याच्या कंपनींत पैसा गुंतविला तर तो बुडेल कसा?’ ह्या प्रश्नाचें उत्तर नाशिक जिल्ह्यांतील रावळगांवानें दिलें आहे. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९३३ सालीं उभ्या केलेल्या तेथील कारखान्यानें १९४२ पासून गोळ्या करण्यास आरंभ केला. महाराष्ट्रांत असें घर क्वचितच असेल, ज्यांतील कोणी ना कोणी लहानपणीं रावळगांवची गोळी खाल्ली नाहीं. ‘पान पसंद’ हें नांव काढलें कीं आजही पन्नाशीचे गृहस्थ विरघळतात. पण विरघळणें निराळें आणि विकत घेणें निराळें. स्पर्धेपुढें ह्या गोळ्यांचा खप टिकला नाहीं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें त्यांचीं नांवें, कृति व व्यापारचिन्हें अवघ्या २७ कोटी रुपयांस रिलायन्सच्या कंपनीस विकलीं गेलीं. कित्येक पिढ्यांच्या बाळपणाचा बाजारभाव तो एवढा! आठवण काढणारे लाखों होते; पण आठवणीवर कारखाना चालत नाहीं, तो खपावर चालतो. दांडेकरांच्या कॅम्लिनची गोष्ट इतकी करुण नाहीं, पण बोधप्रद आहे. १९३१ सालीं शाईपासून सुरू झालेल्या ह्या मराठी उद्योगाचे निम्म्याहून अधिक भाग २०११ सालीं जपानच्या कोकुयो कंपनीच्या हातीं गेले. उंटाचें चित्र आजही आपल्या मनांत शाळेच्या वासासह उभें राहतें, आणि त्यावरील नफ्याचा मोठा वांटा ओसाकास जातो. जाईना का! पण ‘आपली म्हणून’ ती पेटी घेणाऱ्यानें, आपली म्हणजे कोणाची, हें एकदां समजून घ्यावें.

येथवर झालें तें खर्चाचें. गोळी, चकली किंवा स्कूटर आठवणीखातर घेतली तर फार तर चार पैसे अधिक जातील. खरा प्रश्न संचयाचा आहे. माल्मेंडीर व नागेल ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील कुटुंबांची कित्येक दशकांची माहिती तपासून २०११ सालीं असें दाखविलें कीं, ज्यांनीं आपल्या आयुष्यांत शेअरबाजाराचे वाईट दिवस पाहिले, ते पुढें बाजार सुधारला तरी त्यापासून दूर राहतात. मनुष्य आंकडे वाचून गुंतवणूक करीत नाहीं, अनुभवानें करितो. आणि तो अनुभव काळ बदलल्यावरही बदलत नाहीं. आमच्या इकडे अनुभवाच्याही आधीं घरांत ऐकलेलें कोष्टक येतें. ‘पैसे पांच-साडेपांच वर्षांत दुप्पट होतात’ हें वाक्य ऐकत जी पिढी वाढली, तिला तो सृष्टीचा नियम वाटतो. तो नियम नव्हता. १९८८ सालीं निघालेल्या किसान विकास पत्राची ती अट होती, आणि तिचा दर वर्षास तेरा टक्क्यांहून अधिक पडत असे. त्या काळची महागाईही तशीच चढी होती, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आज त्याच पत्रास दुप्पट होण्यास, २०२३ सालीं ठरलेल्या दरानें, ११५ महिने लागतात; म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत १२ टक्के व्याज होतें, तेव्हां पैसा सहा वर्षांत दुप्पट होई. २०२० च्या एप्रिलांत तो दर ७.१ टक्क्यांवर आला, आणि दुपटीस दहा वर्षें लागूं लागलीं. ह्या योजना वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. सुरक्षिततेसाठीं त्या आजही चांगल्या आहेत. पण ‘बाबांनीं ह्यावरच दोन मुलींचीं लग्नें केलीं’ एवढ्या पुराव्यावर जो आपल्या तीस वर्षांच्या म्हातारपणाची सोय लावूं पाहतो, तो बाबांच्या काळचें पंचांग घेऊन आजचा मुहूर्त काढीत आहे.

सोन्याचीही हीच कथा. आमच्या घरांत मूल जन्मलें कीं सोन्याचा मणी किंवा अंगठी येते, गुरुपुष्याला गुंजभर सोनें घेतलें जातें, पाडव्याला व दसऱ्याला सराफकट्ट्यावर रांगा लागतात. सोन्याचा प्रथम परिचय आईच्या गळ्यांत होतो, म्हणून तें आपणांस धातूसारखें वाटतच नाहीं. तें घरच्या माणसासारखें वाटतें. वाटावें, दागिना म्हणून त्याचा मान आहेच. पण दागिन्यास ‘गुंतवणूक’ म्हटलें कीं हिशेब आला. समजा, एक लाख रुपये किंमतीचें सोनें असलेला दागिना घेतला आणि घडणावळ बारा टक्के पडली. त्यावर ३ टक्के कर धरून १,१५,३६० रुपये गेले. मोडावयास नेला तर, घट न धरतां, फक्त सोन्याचे पैसे मिळतात. म्हणजे भाव पंधरा टक्क्यांहून अधिक चढेल तेव्हां कोठें मूळ रक्कम हातीं येते; नफा त्याच्यापुढें. ज्यास खरोखर सोन्याच्या भावांतच पैसा घालावयाचा होता, त्याच्यासाठीं सरकारनें नोव्हेंबर २०१५ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत सुवर्णरोखे काढले होते. त्यांत घडणावळ नव्हती, घट नव्हती, वर अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज होतें. तरीही पुष्कळ कुटुंबांस ते कागद रुचले नाहींत, कारण कागदास आईच्या गळ्याची आठवण नसते.

ह्यावर प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट उत्तर असें कीं, ‘२०२४ व २०२५ ह्या दोन वर्षांत सोन्यानें जी उसळी घेतली ती पाहा, आजी शहाणी होती कीं नाहीं?’ उसळी घेतली हें खरें आहे, आणि ज्यांच्याजवळ सोनें होतें त्यांचा लाभ झाला हेंही खरें आहे. पण ह्याच सोन्याचा भाव जानेवारी १९८० मध्यें औंसास ८५० डॉलर होता आणि १९९९ सालीं २५० डॉलरांच्या आसपास आला होता. आमच्याकडे ती घसरण दिसली नाहीं, ह्याचें मोठें कारण असें कीं, ज्या डॉलरास १९८० सालीं सुमारें ८ रुपये पडत, त्यासच १९९९ सालीं सुमारें ४३ रुपये पडूं लागले. सोनें चढलें असें आम्हांस वाटलें. वस्तुतः रुपया उतरला होता. तेव्हां आजीचें सोनें कधीं तारतें, कधीं वीस वर्षें स्वस्थ बसतें. तें केव्हां काय करील हें आजीस ठाऊक नव्हतें, व तिनें तसा दावाही केला नव्हता. तिनें सोनें घेतलें तें बँकेंत तिच्या नांवाचें खातें नव्हतें, घर तिच्या नांवावर नव्हतें, आणि अडीअडचणीस जें तिचें स्वतःचें म्हणतां येईल असें स्त्रीधन तेवढेंच होतें, म्हणून. तिची अडचण आम्ही परंपरा म्हणून पूजीत आहों.

आठवणीची सर्वांत महाग किंमत मात्र पुण्यानें ठेवींत मोजली. रुपी बँक ही १९१२ सालची. म्हणजे लोकमान्य हयात असतांनाची. एवढ्या जुन्या पेढीवर संशय घेणें हें घरच्या वडीलधाऱ्यांवर संशय घेण्यासारखें वाटे. ज्या पासबुकावर वडिलांचें नांव लहानपणीं पाहिलें, त्याच बँकेंत निवृत्तीची पुंजी ठेवावी, ह्यापरतें स्वाभाविक काय असणार? फेब्रुवारी २०१३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. त्या वेळीं ठेवींवरील विम्याचें संरक्षण फक्त एक लाखाचें होतें. तें पांच लाख झालें फेब्रुवारी २०२० मध्यें. निर्बंध आल्यावर ठराविक मुदतींत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ सालच्या दुरुस्तीनें झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें बँकेचा परवाना संपला. बहुतेक ठेवीदारांस विम्याच्या मर्यादेंतील रक्कम अखेर मिळाली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण साठाव्या वर्षीं अडकलेला पैसा एकुणसत्तराव्या वर्षीं मिळणें ह्यास मिळणें म्हणावें काय? मधल्या काळांतील औषधें, शस्त्रक्रिया, नातवंडांची फी, हीं कोणत्या खात्यांत जमा धरावीं? बँकेचें वय हा तिच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. शंभर वर्षांच्या वृद्धाचें दर्शन घेतात. त्याच्या खांद्यावर ओझें देत नाहींत.

‘मग काय, अनोळखी माणसाच्या हातीं पैसा द्यावा?’ असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. परिचयाचा उपयोग आहेच. पण परिचय दोन प्रकारचा असतो. एका वस्तूची चव, रंग, आवाज, नांव ठाऊक असणें हा एक. आणि तिचा जमाखर्च, कर्ज, तोटा, कायद्याचें संरक्षण ठाऊक असणें हा दुसरा. बाळपण पहिला परिचय देतें. दुसरा आपण कष्टानें मिळवावा लागतो. आमची सुशिक्षित मंडळी मुलाच्या लग्नांत समोरच्या कुळाची सात पिढ्यांची चौकशी करितात, आणि आयुष्याची कमाई ठेवतांना ताळेबंदाचें एक पानही उलटून पाहत नाहींत. हा विश्वास नव्हे. हा आळस आहे, आणि विश्वासाचें नांव त्यानें पांघरलें आहे.

सर्वांत मोठी विसंगति अशी कीं, ज्या पूर्वजांच्या नांवानें हें सर्व चालतें, ते स्वतः असे वागत नव्हते. किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला तेव्हां, लोखंडानें जमीन नासते, लांकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आला आहे, असें सांगून शेतकऱ्यांनीं तो घेण्याचें कित्येक दिवस नाकारलें; ‘जुनें तें सोनें’ ह्या म्हणीचा विजय झाला असता तर किर्लोस्करवाडी वसलीच नसती. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. ते पैसे देणाऱ्यांपैकीं कोणाच्याही बाळपणांत तळेगांवची कांच नव्हती. तें दान एका न पाहिलेल्या गोष्टीस होतें. १९३५ च्या सप्टेंबरांत पुण्यांत बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली आणि पुढल्या फेब्रुवारींत तिचें दार उघडलें, तेव्हां वामन गोविंद काळ्यांसारख्या अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीं तिच्या उभारणींत भाग घेतला होता. तींत पहिली ठेव ठेवणाऱ्याच्या वडिलांचें तेथें खातें असणें शक्यच नव्हतें. त्या लोकांनीं विचार केला, चौकशी केली, आणि नव्यावर भरंवसा ठेविला. आज जें आमच्या आठवणींत जुनें म्हणून पूज्य झालें आहे, तें एके काळीं कोणाच्या तरी धाडसानें नवें झालें होतें. पूर्वजांच्या वस्तू जपून त्यांची दृष्टि टाकून द्यावी, हा कसला वारसा?

आमची सूचना साधी आहे. घरांत दोन पिशव्या असाव्या. एक आठवणीची, लहान, पण तींतून खर्च करितांना हिशेब मागूं नये. बाकरवडी आणावी, गोळ्या आणाव्या, वाटल्यास विजेची चेतकही आणावी, आईच्या नमुन्याचा गोफ करावा, आणि त्यास खर्चच म्हणावें. दुसरी पिशवी भवितव्याची. तिच्या तोंडाशीं आठवणीस येऊं देऊं नये. तींतून पैसा काढण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे: ह्याच्यावर महागाई वजा जातां काय उरेल? अडचणींत किती दिवसांत परत मिळेल? बुडाल्यास कायदा किती भरून देईल? आणि हें नांव आज प्रथमच ऐकिलें असतें, तरी येथें पैसा ठेविला असता काय? चवथ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ येत असेल, तर तो पैसा आपण नव्हे, आपल्यांतील आठ वर्षांचें मूल ठेवीत आहे असें समजावें. त्या मुलाचा लाड जरूर करावा. त्याची सही मात्र चेकवर चालत नाहीं.

आणि शेवटीं आपल्या मुलांचा विचार करावा. त्यांच्याही आठवणी आज आपल्या घरांत घडत आहेत. पैशाविषयीं घरांत बोलणें चाललें असतां त्यांच्या कानीं नुसतें ‘आपल्याकडे असेंच करतात’ हें वाक्य पडत असेल, तर आणखी तीस वर्षांनीं तेंही हाच लेख वाचण्याच्या लायकीचें ठरेल. त्याऐवजीं आईबाप कागद पुढें घेऊन बसले आहेत, शंका काढीत आहेत, बेरजा करीत आहेत, हें दृश्य जर त्यांच्या मनावर उमटलें, तर ती एक आठवण अशी होईल, जी मागें न ओढतां पुढें नेईल. तसें झालें म्हणजे ‘जुनें तें सोनें’ ही म्हण खरी करून दाखविल्याचें श्रेय आम्हीं अवश्य घ्यावें.